डी९० आणि रिंगवाल्या लेन्स: बॉडी बदलू की आहे तेच चालू ठेवू?

बोटाने_फोकस

निकॉनची डी९० वापरते. २००८ ची बॉडी, १२ मेगापिक्सेल. व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर म्हणून तेव्हा तिचा गाजावाजा झाला होता. मी तिच्यावर आजवर एकही व्हिडिओ काढलेला नाही.

सोबत तीन लेन्स, तिन्ही एआय-एस, म्हणजे फोकस हाताने आणि अ‍ॅपर्चरची रिंग (प्रकाश आत सोडणारं छिद्र लहानमोठं करणारी) लेन्सवरच: २८ एफ/२.८, ५० एफ/१.८ आणि १०५ एफ/२.५ (पहिला आकडा मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ, दुसरा छिद्र पूर्ण उघडल्यावरचा; तो जितका लहान तितकं छिद्र मोठं). शिवाय ५० एफ/१.८ डी आहे, ती ऑटोफोकसवाली. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा असेल तर ती लावून देते, एरवी ती पिशवीत झोपलेली असते.

डी९० वर रिंगवाल्या लेन्स बसतात, पण मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारी यंत्रणा, चालत नाही. मोड एम (सगळं हाताने) वर ठेवायचा, अ‍ॅपर्चर रिंगने, शटर चाकाने आणि प्रकाशाचा अंदाज आपल्या डोक्याने. मला त्याची इतकी सवय झालीय की त्रास वाटत नाही. भर उन्हात आयएसओ २०० ला एफ/८ आणि १/८००. आभाळ भरून आलं की १/२००. मोकळ्या सावलीत शटर तेच ठेवून रिंग ५.६ किंवा ४ वर. पहिल्या फोटोचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघायचा, हवा तर थोडा फरक करायचा आणि मग प्रकाश बदलेपर्यंत आकड्यांना हात लावायचा नाही. समोरच्याने काळा सदरा घातलाय की पांढरा, याने काही फरक पडत नाही, कारण कॅमेरा स्वतःचं डोकं चालवतच नाही.

मी मुख्यतः चेहरे टिपते. माणसं बोलत असताना, काम करत असताना. मोठ्यात मोठा प्रिंट १२ बाय ८ इंची.

आता अडचणी. एक, १०५ पूर्ण उघडी, म्हणजे २.५ वर ठेवली की डोळ्याऐवजी भुवई किंवा कान फोकसमध्ये येतो. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र सगळं छान दिसत असतं. दोन, ५० ची रिंग १६ पर्यंत नेली आणि समोर उजेड असला की फोटोच्या मधोमध फिकट गोल डाग येतो. पुढे फिल्टर वगैरे काही नाही. तीन, १०५ मध्ये टॉर्च मारली तर कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं.

ओळखीतले सगळे एकमुखाने म्हणतायत, हे सगळं विक आणि मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घे. माझा हात या रिंगांवर बसलाय आणि मला ते सोडायचं नाही. पण हट्ट आणि आवड यातली रेघ कुठे आहे तेही कळत नाही. ज्यांनी जुनं सामान टिकवून धरलंय त्यांनी सांगावं.

---

नवंकोरं

विका. या वेळात लोक पक्षी उडताना टिपून घरी येतात.

---

अंधारखोली

ताई, लेन्सचा प्रश्न वेगळा आणि बॉडीचा वेगळा. तुमच्या सल्लागारांनी दोन्हींची एकच मोट बांधलीय.

आधी लेन्स. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, १९५९ चा. १९७७ मध्ये त्यात एआय आलं, म्हणजे रिंग कुठे आहे हे बॉडीला कळवणारा यांत्रिक खटका. तुमच्या लेन्सवर तो खटका आहेच. डी९० च्या बाजूने तो वाचणारा भाग दिलेला नाही. म्हणजे मुकी आहे ती बॉडी, लेन्स नव्हे. (१९७७ च्या आधीची, न बदललेली लेन्स कुणी स्वस्तात देऊ केली तर डी९० वर लावू नका, बॉडीला इजा होऊ शकते.)

१०५ एफ/२.५ ची आताची काचरचना १९७१ पासूनची. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी, जी जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आली, ती याच लेन्समधून. त्यामुळे आपलेही फोटो तसे येतात असं नाही, पण लेन्स कमी पडली म्हणायची सोय मात्र राहत नाही.

‘जुन्या लेन्स नव्या सेन्सरला पुरत नाहीत’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. हिशेब करून बघा. डी९० चा सेन्सर २३.६ मिमी रुंद आणि त्यावर आडवे ४२८८ पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल साधारण ५.५ मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) तोच जवळपास ६ मायक्रॉन पडतो. म्हणजे मध्यभागी तुमच्या लेन्सची परीक्षा आजच जास्त कडक चाललीय आणि ती पास होतेय. फुल फ्रेमवर नवीन काय दिसेल तर कोपरे, कारण डी९० लेन्सचा फक्त मधला तुकडा वापरते. २८ चे कोपरे पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला थोडे मऊ दिसले तर दचकू नका, ५.६ किंवा ८ ला सावरतात. ४५ मेगापिक्सेलची गोष्ट निराळी, तिथे पिक्सेल ४.४ मायक्रॉनच्या आत येतो. पण १२ बाय ८ च्या प्रिंटला ३०० डीपीआयने ३६०० बाय २४०० पिक्सेल लागतात, ते तुमच्याकडे आजही आहेत.

फिकट डाग म्हणजे परावर्तन. सेन्सरपुढची काच फिल्मपेक्षा जास्त चकचकीत असते. तिच्यावर आपटलेला प्रकाश उलटा लेन्सच्या मागच्या काचेवर जातो आणि तिथून परत सेन्सरवर. फिल्मच्या काळातल्या बऱ्याच लेन्सच्या मागच्या काचेला याचा विचार करून कोटिंग दिलेलं नव्हतं. अ‍ॅपर्चर बारीक केलं की डाग आवळून येतो आणि नजरेत भरतो. उपाय साधा: १६ वर जाऊच नका. डी९० च्या पिक्सेलला १६ वर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो त्यामुळे) तीक्ष्णताही घटते, मग तिथे जायचंच कशाला? ८, फार तर ११. आणि लेन्सला हूड (पुढे सावली धरणारी कडी) लावा. जुन्या लेन्सवर हूडइतकी सुधारणा दुसऱ्या कशानेच होत नाही, आणि नेमकं तेच लोक विकत घेत नाहीत.

जाळं म्हणजे बुरशी. मागचं झाकण काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, अंधारात टॉर्च तिरकी धरून आरपार बघा. फांद्या फुटलेल्या दिसल्या तर बुरशी, सुटे ठिपके म्हणजे धूळ (तिच्याकडे दुर्लक्ष करा), सगळीकडे दुधट पडदा असेल तर आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसलीय. कडेला थोडी बुरशी असेल तर फोटोत फारसं काही दिसत नाही, उजेडाकडे तोंड केलं की कॉन्ट्रास्ट जरा पडतो एवढंच. पण वाढू दिली तर ती कोटिंग खाते, आणि मग साफ केल्यावरही ओरखडा राहतोच. जाणत्या माणसाकडून आत्ताच उघडून पुसून घ्या. एकीची दुसरीला लागेल म्हणून घाबरू नका. बीजाणू हवेत सगळीकडे असतात, उगवतात की नाही ते ओलाव्यावर ठरतं. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. मूळ चामडी डबे दिसायला देखणे असतात पण ओल धरून ठेवतात. ते वेगळ्या कपाटात शोभेला ठेवा.

आता फोकस. इथे तुमचं काही चुकत नाही. ऑटोफोकस कॅमेऱ्यांचे व्ह्यूफाइंडर मंद झूम लेन्सवरही उजळ दिसावेत अशा बेताने केलेले असतात. त्यांच्या पडद्यावर साधारण २.८ पेक्षा जास्त उघडल्यावरची धूसरता खरी दिसतच नाही. लेन्स २.५ वर असते, डोळ्याला त्याहून जास्त खोली फोकसमध्ये असल्याचा भास होतो, आणि मग भुवई. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांतला दुभंगणारा प्रिझम (फोकस चुकला की चित्र दोन तुकड्यांत दाखवणारा) इथे नाही. फोकस जमला की व्ह्यूफाइंडरमध्ये डावीकडे खाली जो हिरवा ठिपका लागतो तो वापरा, एफ/५.६ पर्यंतच्या लेन्सवर तो चालतो. पण रिंग थोडी हलवली तरी तो लागलेलाच राहतो, म्हणून दर वेळी एकाच बाजूने फिरवत आणा आणि तो नेमका कुठे लागल्यावर तुमचा फोटो तीक्ष्ण येतो ते शिकून घ्या. समोरचा माणूस स्थिर असेल तर लाइव्ह व्ह्यू मोठा करून बघा. त्याआधी व्ह्यूफाइंडरशेजारचं डायऑप्टरचं (आपल्या नजरेच्या नंबराशी जुळवायचं) चाक मात्र तपासा.

---

बोटाने_फोकस

चाक तपासलं, ते बरोबरच होतं. १०५ ला फांद्याच आहेत, पुढच्या गटात. दुरुस्तीला देते.

बॉडीबद्दल तुम्ही सोयीस्कर मौन पाळलंत.

---

नवंकोरं

मग मीच बोलतो, मघाशी एका ओळीत आटोपलं म्हणून. माझ्याकडेही रिंगवाल्यांचा डबा होता, तो रिकामा केला. जुन्या लेन्सचं ‘कॅरॅक्टर’ म्हणून जे काही सांगितलं जातं ते बहुतेक वेळा गोलीय दोष आणि उजेडात पडणारा कॉन्ट्रास्ट असतं. आवडत असेल तर जरूर ठेवा, पण त्याला जादू म्हणू नका. तुम्ही बोलणारी, काम करणारी माणसं टिपता. बोलणारा माणूस दर क्षणाला दोन बोटं पुढेमागे होतो, आणि १०५ ला २.५ वर दोन बोटांत डोळा जाऊन कान येतो. नवीन बॉडी डोळा ओळखून त्याच्यावर चिकटून राहते. हिरव्या ठिपक्याची तपश्चर्या करून हे जमणार नाही.

आणि जुनी लेन्स म्हणजे जुनी बॉडी नव्हे. लेन्समध्ये ग्रीस आणि पितळ असतं, बॉडीत बॅटरी आणि सर्किट. डी९० ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं घेते, त्यापुढच्या एसडीएक्ससीची हमी नाही. अस्सल बॅटरी मिळणं हळूहळू मुश्किल होत जातं. एखाद दिवशी शटर जाईल तेव्हा दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या वापरलेल्या बॉडीएवढा असेल.

---

अंधारखोली

नवंकोरं यांचा दुसरा परिच्छेद शब्दशः मान्य. पहिलाही अर्धा मान्य, कॅरॅक्टरवाला.

मौन पाळलं कारण इथे तुमच्या हाताला काय हवंय ते तुम्हालाच ठरवायचंय. दोन वाटा दिसतात.

मिररलेस घेतलीत तर लेन्स विकायची गरज नाही. एफ माउंटमध्ये लेन्सच्या कडीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर लागतं, निकॉनच्या झेड माउंटमध्ये फक्त १६. मधल्या ३०.५ मिमीत काच नसलेली पोकळ नळी बसते, म्हणून चित्रात काही बिघडत नाही. सोनी ई चं अंतर १८ मिमी, तिथेही तेच. मीटर चालतं, सेन्सर हलवून स्थिरता देणारी बॉडी असेल तर १०५ हातात धरून वापरणं सोपं होतं आणि मुख्य म्हणजे फोकस करताना चित्र मोठं करून बघता येतं. तीक्ष्ण कडांवर रंग दाखवणारं पीकिंग आकर्षक दिसतं, पण २.५ वर त्याच्यावर विसंबू नका. मोठं करून बघणंच खरं. तुमचा ५० डी मात्र तिथे अडेल. त्याची मोटर लेन्समध्ये नाही, डी९० च्या बॉडीत आहे, आणि निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्येही मोटर नाही. म्हणजे ऑटोफोकसवाली तुमची एकुलती एक लेन्स तिथे मॅन्युअल होऊन बसणार. हे विकणारा आपणहून सांगत नाही.

दुसरी वाट म्हणजे ज्या जुन्या बॉडीला रिंग वाचता येते ती घेणं. डी२००, डी३००, डी७००, डी७००० या सगळ्यांना येते. मेन्यूत लेन्सची फोकल लेंग्थ आणि कमाल अ‍ॅपर्चर भरून ठेवायचं, डी३००, डी७०० आणि डी७००० मध्ये नऊ लेन्स मावतात. मग ए मोडही (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) चालतो आणि फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरही उमटतं. यांतल्या पहिल्या तिघींना तुमच्याच बॅटऱ्या लागतात, ईएन-ईएल३ई. डी७५०० मात्र टाळा. आकडा मोठा असला तरी रिंग वाचणारा भाग त्यात काढून टाकलाय.

---

तिरकी_रिंग

मध्येच डोकावतो. निकॉनकर नेहमी आपल्या माउंटचं कौतुक करतात म्हणून पेंटॅक्सची आठवण करून देतो. १९७५ च्या के माउंटची लेन्स आजच्या के बॉडीवर बसते. बॉडीच्या मेन्यूत एक परवानगी द्यावी लागते, मग हिरवं बटण दाबलं की मीटर होतं, आणि स्थिरता बॉडीतच असल्याने पन्नास वर्षं जुन्या लेन्सवरही फोटो हलत नाही. एम४२ च्या स्क्रूवाल्या लेन्ससुद्धा साध्या कडीने चालतात, अंतर तेवढंच आहे.

कुणाकडे ताकुमार ५० एफ/१.४ असेल आणि ती चहासारखी पिवळी पडली असेल तर फेकू नका. काचेत थोरियम आहे, त्यामुळे रंग चढतो. अतिनील दिव्याखाली ठेवली की उतरतो. विषयांतर संपलं.

---

बोटाने_फोकस

तिरकी_रिंग, विषयांतर आवडलं.

मी डी७०० कडे झुकतेय. नवंकोरं, तुमचं म्हणणं पटलं नाही असं नाही. डोळा पकडणारी बॉडी जास्त फोटो देईल हे उघड आहे. पण मला जास्त फोटो नकोत. मी आधी अंतर ठरवते, मग माणूस त्या अंतरात येईपर्यंत थांबते. तो जे काही करतो ते थांबल्यामुळेच दिसतं. हे काम कॅमेऱ्याने करावं असं मला वाटत नाही, मग तो कितीही चांगला करो. शिवाय डी७०० फुल फ्रेम, म्हणून २८ पुन्हा २८ होईल. डी९० वर ती ४२ सारखी वागते आणि खोली छोटी असली की मी भिंतीला टेकते.

वजन मात्र डोळ्यांत भरतं. डी९० ६२० ग्रॅम, डी७०० नुसती बॉडी ९९५.

---

अंधारखोली

आणि कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, ते विसरू नका. रीडरही वेगळा लागेल. फोकसचा पडदा तिथेही त्याच जातीचा आहे, त्यामुळे भुवईचा प्रश्न आपोआप सुटणार नाही. व्ह्यूफाइंडर मोठा आहे एवढीच मदत.

घ्यायच्या आधी तुमचीच १०५ घेऊन जा. ए मोडवर ठेवा, रिंग २.५ पासून १६ पर्यंत एकेक क्लिक फिरवा आणि वरच्या पडद्यावर आकडा त्याच बरोबर बदलतो का बघा. अडखळला तर बॉडीवरची रिंग वाचणारी कडी वाकलेली किंवा चिकटलेली आहे. मग कोरी भिंत किंवा आभाळ एफ/१६ वर टिपा आणि सेन्सरवरचे डाग बघा. हा एकच फोटो तुम्ही १६ वर काढायचा.

---

नवंकोरं

ठीक, हरलो. पण ५० डी विकू नका. डी७०० च्या बॉडीत मोटर आहे, ती तिथे पळेल. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ येणारच.