रेट्रो म्हणजे नक्की कोणाचे जुने?

जुनी तबकडी:
अलाबामा शेक्स या अमेरिकन बँडच्या ‘बॉईज अँड गर्ल्स’ या २०१२ च्या अल्बमबद्दल ‘पश्चिमरंग’ यांनी काल या मंचावर लिहिले की, हा सगळा साठच्या दशकातला माल नव्या वेष्टनात बांधलेला आहे, गाणारी ब्रिटनी हॉवर्ड ही जेनिस जॉप्लिन या तेव्हाच्या रॉक गायिकेची नक्कल करते, आणि लोक ज्याला ताकदीचा आवाज म्हणतात ते निव्वळ ओरडणे आहे. याला दोन ओळींत उत्तर देऊन माझे समाधान होणार नाही, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

‘रेट्रो’ हा शब्द आपण एकदा टाकून दिलेल्या आणि नंतर हौसेने पुन्हा अंगावर चढवलेल्या गोष्टीला लावतो. ब्रिटनीने कोणी टाकून दिलेले काय उचलले? ती १९८८ साली अलाबामातल्या अथेन्स या लहान गावात जन्मली. तिथून तासाभराच्या अंतरावर मसल शोल्स हे ध्वनिमुद्रणासाठी नावाजलेले गाव आहे. तिथल्या फेम स्टुडिओत १९६७ च्या जानेवारीत अरेथा फ्रँकलिन ही थोर गायिका गायली आणि तिच्या कारकिर्दीला खरी कलाटणी मिळाली. टपाल वाटण्याची नोकरी करत बँड चालवणाऱ्या मुलीच्या कानांवर त्या परिसरातले संगीत पडणारच, आणि ते तिच्या गळ्यातून आले तर त्याला वेष्टन कसे म्हणायचे?

राहता राहिली जेनिस. १९६७ मध्ये माँटेरेच्या महोत्सवात ज्या गाण्याने तिचे नाव झाले ते बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय ब्लूज गायिकेचे होते, आणि बिग मामा १९२६ साली अलाबामातच जन्मली. अलाबामाच्या बाईचे गाणे टेक्सासच्या मुलीने गायले तर ती थोर, आणि अलाबामाचीच मुलगी त्या वळणाने गायली तर नक्कल, हा न्याय मला मान्य नाही.

पश्चिमरंग:
माझे म्हणणे एवढे मनावर घेतल्याबद्दल आभार, पण तुम्ही भूगोलाने संगीताचा निवाडा करत आहात. अमुक गावात जन्म झाला म्हणून गाणे आपोआप अस्सल होत नाही. मी अल्बम हेडफोनवर तीनदा ऐकला आहे. गिटारचा तो खरखरीत पोत, ड्रम्सवरचा खोलीचा घुमारा, किंचित फाटणारा आवाज हे सगळे ठरवून केलेले आहे. नॅशव्हिलच्या ज्या बॉम्ब शेल्टर स्टुडिओत हे ध्वनिमुद्रण झाले, त्याची ख्यातीच जुन्या ॲनालॉग पद्धतीच्या, म्हणजे टेपवरच्या, कामासाठी आहे. २०१२ मध्ये १९६६ सारखे ऐकू यावे असा प्रयत्न करणे म्हणजे रेट्रो नव्हे तर काय? शिवाय जेनिसवर अन्याय करू नका. जुन्या पिढीतली ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिच्या कबरीवर तेहतीस वर्षे नावाचा दगड नव्हता, आणि १९७० मध्ये तो बसवला गेला तेव्हा खर्चाचा वाटा जेनिसने उचलला होता. कोणाकडून काय घेतले हे ती विसरली नव्हती.

टेपवेडा:
ॲनालॉगबद्दल बोलायचे तर नीट बोलावे. टेपवर आवाज थोडा जास्त पातळीने घेतला की त्याच्या टोकदार कडा दबतात आणि तो भरीव वाटू लागतो. ते साधन आजही वापरात आहे, म्हणून ते वापरणारा प्रत्येक जण जुन्या काळाची नक्कल करतो असे होत नाही. उलट माझी तक्रार वेगळी आहे. आजचे बहुतेक अल्बम इतके दाबून, सपाट करून बाजारात येतात की हळू काय आणि मोठे काय हे कळतच नाही. या अल्बममध्ये ‘होल्ड ऑन’ हे पहिलेच गाणे लावून पाहा. ती सुरुवातीला जवळजवळ बोलल्यासारखी गाते, आपण बावीस वर्षांचे होऊ असे वाटले नव्हते हे सांगते, आणि मग तो आवाज एका झटक्यात उघडतो. आधी हळू होते म्हणून नंतरचे मोठे वाटते.

खर्ज:
मला ‘ओरडणे’ या शब्दावर थांबायचे आहे, कारण तो शब्द मी स्वतः ऐकलेला आहे.

माझा आवाज काळी दोनचा, म्हणजे बायकांच्या नेहमीच्या पट्टीहून खालचा, आहे. महाविद्यालयात असताना एका ऑर्केस्ट्राच्या निवडीला गेले होते. वादकांनी गाणे मूळ पट्टीत, काळी चारमध्ये, सुरू केले. मी पट्टी उतरवण्याची विनंती केली, तेव्हा हार्मोनियमवर बसलेल्या गृहस्थांनी भाता बंद करून, पट्ट्यांवरून हात उचलून, शांतपणे विचारले, “मग पुरुषांची गाणी का नाही म्हणत?” सगळे हसले. मी घरी आले आणि पुढची अकरा वर्षे देवासमोरसुद्धा मोठ्याने गायले नाही. आपल्याकडे सुगम संगीतात स्त्रीचा आवाज म्हणजे उंच, बारीक आणि गोड, असा साचा पक्का बसलेला आहे. त्यात न बसणारा आवाज रुंद असला तर ‘पुरुषी’ आणि मोकळा असला तर ‘ओरडणे’.

पश्चिमरंग:
तुमच्या बाबतीत जे घडले ते वाईटच होते, परंतु त्याचा या अल्बमशी संबंध काय? आणि आपल्याकडे भारदस्त स्त्री-आवाजाला जागा नाही हे तर सरळ चूक आहे. गंगूबाई हनगल यांना याच महाराष्ट्राने डोक्यावर घेतले.

खर्ज:
संबंध असा की, तुम्ही हेडफोन लावून तीनदा ऐकलेत, पण कान तोच साचा घेऊन ऐकत होते. आणि गंगूबाईंचे नाव घ्याल हे मला ठाऊकच होते. ख्यालाच्या मैफलीत एका गंगूबाईंना मान दिला म्हणून गल्लीतल्या गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नाच्या संगीतात जाड आवाजाच्या मुलीला माइक मिळतो का? मोठ्यांची उदाहरणे देऊन आपण आपल्या घरातल्या मुलींना गप्प बसवत आलो आहोत.

पश्चिमरंग:
माझ्या कानांत साचा आहे की नाही हे तुम्ही कसे ठरवता? माझी आई खालच्या पट्टीतच गात असे आणि तिचे गाणे ऐकतच मी मोठा झालो. कृपया वैयक्तिक होऊ नका.

टेपवेडा:
आईंना कोणी कार्यक्रमात गायला बोलावले होते का, हे मात्र सांगा.

उत्तर अलाबामा:
मी नोकरीनिमित्त नऊ वर्षे हंट्सव्हिलला राहते. अथेन्स येथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. एका सहकाऱ्याच्या निमंत्रणावरून त्याच्या चर्चमध्ये गेले होते. साठी उलटलेल्या एक बाई उठल्या, चष्मा काढून पुढच्या बाकावर ठेवला, बाकाची पाठ एका हाताने घट्ट धरली आणि माइकशिवाय गाऊ लागल्या. आवाज फाटत होता, पण वाटेल तिथे फाटत नव्हता. ज्या शब्दावर वेदना होती नेमका त्याच शब्दावर तो चिरत होता आणि पुढच्या ओळीला पुन्हा स्वच्छ होत होता. त्या दिवशी मला कळले की, हा ताबा सुटण्याचा प्रकार नसून ताब्याचाच एक प्रकार आहे. ब्रिटनीच्या गाण्यात मला तोच ताबा ऐकू येतो.

आणि ब्रिटनीच्या हातातल्या गिटारचा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही, याचे नवल वाटते. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला २०१८ साल उजाडले, त्यांच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. त्या समारंभात त्यांचा गौरव करायला ब्रिटनीच उभी होती. घेतलेले कोणाचे आहे हे तीही विसरलेली नाही.

जुनी तबकडी:
मी एवढे लिहूनही हे लिहायचे राहिले होते. मनापासून आभार.

पश्चिमरंग:
रात्री पुन्हा ऐकला, या वेळी स्पीकरवर. पहिला अल्बम रेट्रो आहे हे माझे मत कायम आहे. २०१५ च्या ‘साऊंड अँड कलर’मध्ये बँडने स्वतःच ती चौकट मोडली, यावरून ती चौकट होती हे सिद्धच होते, आणि माझ्या मते तोच अल्बम श्रेष्ठ आहे. तो बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याला ग्रॅमी मिळाले, हे मी पुरावा म्हणून सांगत नाही. त्यात ती कुजबुजते, वरच्या सप्तकात पातळ होते, थांबते, आणि हे सगळे पहिल्या अल्बममध्ये मला कमी पडले होते.

‘ओरडणे’ हा शब्द मात्र मागे घेतो. ‘होल्ड ऑन’च्या शेवटाकडे मी आवाज कमी करायला हात पुढे केला आणि केला नाही.

आईला कोणीही कधी बोलावले नाही. ती स्वयंपाकघरातच गायची.

खर्ज:
कोणती गाणी गायच्या?