शब्दचर्चा : ‘कॉम्रेड’, ‘साथी’ की ‘भाई’?

प्रश्न : राज्य नाट्य स्पर्धेसाठी तीन अंकी नाटक बसवतोय. कोल्हापूरच्या शाहू मिलच्या कामगाराचं घर, तीन पिढ्या, सगळे डावे, आणि ताटावर बसलं की समाजवादावरून भांडण. संहितेत झाडून सगळे एकमेकांना ‘कॉम्रेड’ म्हणतात. तालमीत (नाटकाच्या, गंगावेशीतल्या कुस्तीच्या नव्हे) आजोबा करणारे काका अडून बसलेत, ‘हा म्हातारा कॉम्रेड म्हणायचाच नाही.’ काकांचं बरोबर आहे का?

उत्तर : म्हातारा कुठल्या पक्षाचा, ते आधी ठरवा. शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा असेल तर ‘भाई’. समाजवादी, राष्ट्र सेवा दलातला असेल तर ‘साथी’. कम्युनिस्ट असेल तरच ‘कॉम्रेड’, आणि पत्रकावर नुसतं ‘कॉ.’, जसं कॉ. गोविंद पानसरे. बाहेरच्याला सगळे सारखेच लाल दिसतात, घरात मात्र एवढ्यावरून अबोला धरतील.

दुसरं उत्तर : ‘भाई’ कुठं येतो तेही बघा. नावाआधी आला तर चळवळीतला : १९५० साली बिंदू चौकात आंबेडकरांचा पुतळा त्यांच्या हयातीत उभारणारे भाई माधवराव बागल. नावामागून आला की बहुतेक गुजराती पेढीवरचा. नुसताच आला की मुंबईच्या पिक्चरमधला, आणि तिथं मागच्या रांगेतली पोरं हसणार. म्हणून पहिल्याच प्रवेशात कुणाला तरी सभेचं पत्रक मोठ्यानं वाचू द्या, ‘भाई अमुक अमुक यांची जाहीर सभा’. मग कान तयार होतो.

प्रश्नकर्ता : आणि नातीला आजोबा काय म्हणतील? ती कम्युनिस्टांत गेलीय.

पहिलाच उत्तरकर्ता : तिथंच तर मेख आहे! ‘भाई’ बाईमाणसाला लागत नाही. ‘कॉम्रेड’ आणि ‘साथी’ दोघांनाही चालतात. म्हणजे सभेत ती कॉम्रेड आणि घरात ‘पोरी, पाणी आण’. माझ्या मते तुमचं नाटक इथं आहे, मिलच्या संपाच्या भाषणात नाही. आजोबांच्या तोंडी ‘कॉम्रेड’ तिसऱ्या अंकात एकदाच घाला, तेही तिलाच. दुसऱ्यांदा आला की घोषणा वाटेल. आजी मात्र क्रांती झाली तरी ‘अहो’च म्हणणार, तिला हात लावू नका.

प्रश्नकर्ता : काका खूश आहेत. आता लेखकाला फोन कुणी करायचा, त्यावर वाद चाललाय.