बर्फासाठी टायर: एक माप खाली उतरावं का?

चाकोरी
गाडीला २२५/४५ आर१७ टायर असतील (२२५ मिमी रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आतली धातूची रिम १७ इंची), तर हिवाळ्याचा सेट २०५/५५ आर१६ किंवा १९५/६५ आर१५ घ्यावा, हे माझं ठाम मत. तिन्हींचा बाहेरचा व्यास ६३२ ते ६३५ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात चाक समोरचा बर्फ ढकलत, दाबत जातं. रुंदी वाढली की ढकलायचा ढीगही वाढला. अरुंद टायर तो कापत खालच्या टणक थराला भिडतो. पाणचट बर्फात तर रुंद टायर चक्क तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागलं की समजायचं, पुढची चाकं रस्त्यावर नाहीत.

उलटतपासणी
कापण्याचं मान्य, पण "अरुंद म्हणजे जमिनीवर दाब जास्त" हे कुणी पुढे आणायच्या आत सांगतो: वजन आणि हवा तीच असेल तर टेकणारं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं. बदलतो तो आकार. रुंद टायरचा ठसा आडवा नि आखूड, अरुंदाचा लांबट. फायदा समोरचा विरोध कमी होण्याचा, आणि तोही बर्फ साचलेला असेल तरच. रस्ता साफ केलेला, कोरडा आणि गार असेल तर ब्रेक लावताना आणि वळणावर रुंदच सरस. गुळगुळीत बर्फावर आधी रबराचं मिश्रण, मग ट्रेडमधल्या (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थरातल्या) बारीक चिरा, रुंदी त्यानंतर. उन्हाळी टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होत जातं. तो अरुंद घेऊन काय साधणार?

चाकोरी
उन्हाळी टायरची बाजू घेतलीय कुणी? तीन शिखरं आणि हिमकण हे हिवाळी टायरचं चिन्ह नसलेला टायर या चर्चेतच नाही. स्वीडनच्या हिवाळी रॅलीत खिळ्यांचे टायर अरुंदच असतात, कारण खिळा खालच्या बर्फात रुतायला हवा.

सैल_नट
आणि आइसलँडच्या हिमनद्यांवर नेमकं उलट: ३८ ते ४४ इंची जाडजूड टायर, हवेचा दाब ५ पीएसआयच्याही (पौंड प्रति चौरस इंच) खाली. तिथे कापत गेलात तर तळच लागत नाही, म्हणून तरंगायचं. २२५ चा टायर ना धड कापणारा, ना धड तरंगणारा.

मात्र १५ इंची रिम ब्रेक कॅलिपरला (चाकाच्या आत ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, हे टायर घेण्याआधी बघा. भार निर्देशांक कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नको. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. चारही बदला. फक्त पुढचे दोन बदलले तर उतारावर ब्रेक दाबताच मागची बाजू पुढे यायला बघते.

उलटतपासणी
कॅलिपरचं पटलं. म्हणूनच १६ वर थांबा म्हणतो, १५ चा हट्ट नको. शिवाय २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे १० मध्ये चार-पाच पीएसआयने उतरते. ती न तपासता रुंदीवर भांडणं फुकट.

चाकोरी
१६ चालेल. पण बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर साखळ्या लावायच्या असतील तर आतल्या बाजूला शॉकअब्सॉर्बरपर्यंत बोट घालून जागा बघा. २२५ ला तिथेच अडतं.