कार्ब्युरेटर मिळेल, पण पंपाचं काय?

एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाल्या) मारुती ८००चा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, गेला तर पुण्याच्या नाना पेठेतल्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून जुना कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा यांत्रिक भाग) आणून बसवा, असा सल्ला काही जण देतात. कार्ब्युरेटर मिळेल हो, खरी गंमत पुढे आहे. टाकीतला पंप साधारण ३ बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरला पाव बार पुरतो. तोच पंप ठेवलात तर कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हला दाब आवरत नाही, त्यातली पेट्रोलची छोटी टाकी (फ्लोट चेंबर) भरून वाहते आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर! शिवाय स्पार्कचं टायमिंगही ईसीयूच ठरवतो, म्हणजे ते काम करणारा जुन्या पद्धतीचा डिस्ट्रिब्यूटर शोधा, इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड बदला. वर पीयूसी आणि आरटीओ आहेतच (मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ बघा). त्यापेक्षा ईसीयू दुरुस्त करणारा गाठा. आणि मुळात ईसीयूच गेलाय का? अर्थिंग, मेन रिले (ईसीयूला करंट देणारा स्विच) तपासलेत का?