'आरव' नावाचा नेमका अर्थ काय? बारशाआधी मदत हवी आहे

मुक्ता_पुणे: येत्या रविवारी बारसे आहे आणि 'आरव' या नावावरून घरात एकमत होत नाही. संकेतस्थळांवर 'शांत' असा अर्थ दिलेला आढळतो, पण सासूबाईंना तो पटत नाही. संस्कृतच्या जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.

शब्दयात्री: सासूबाईंचा आक्षेप अर्थाला आहे की नावालाच, हे आपण लिहिलेले नाही.

दिनकरकाका: आधी पत्रिकेत अक्षर कोणते आले ते पाहावे. 'अ' हे कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे.

मुक्ता_पुणे: काका, नावरसाचे नाव गुरुजींनी वेगळे काढून दिले आहे, तो प्रश्न नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की आरवतो तो कोंबडा, आणि शाळेत मुले त्यावरून चिडवतील.

व्याकरणी: सासूबाईंचे बरोबर आहे. 'रु' या धातूचा अर्थ आवाज करणे असा असून त्याला 'आ' उपसर्ग लागून हा शब्द बनतो. पाणिनीच्या ३.३.५० या सूत्राने 'आरव' आणि 'आराव' अशी दोन्ही रूपे सिद्ध होतात, आणि अमरकोशाच्या शब्दादिवर्गात ती 'संराव', 'विराव' यांच्या शेजारी बसलेली आहेत. मराठीतले 'आरवणे' याच घरातले. 'शांत' हा अर्थ 'नीरव' या नावाचा आहे. तेथे 'निर्' मधला र् लोप पावतो, आधीची इ दीर्घ होते आणि 'आवाज नसलेला' असा अर्थ मिळतो. कोणीतरी या दोन नावांची गल्लत केली असावी आणि पुढे तीच उतरवली गेली.

शब्दयात्री: परंतु 'आ' उपसर्गाने अर्थ उलटतोही. 'गम्' म्हणजे जाणे, 'आगम्' म्हणजे येणे. 'दा' म्हणजे देणे, 'आदा' म्हणजे घेणे. मग 'रव' उलटून शांतता का होऊ नये?

व्याकरणी: आपल्या दोन्ही उदाहरणांत क्रियेची दिशा बदलते, क्रिया नाहीशी होत नाही. ओरडण्याला अशी दिशा नाही, त्यामुळे 'आरौति' म्हणजेही ओरडतोच. कोशात असलेला अर्थ सोडून तर्काने नवा अर्थ काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेवाची_आई: माझ्या पुतण्याचे नाव आरव आहे आणि त्याला कोणीही चिडवलेले नाही. तरीही मन खात असेल तर 'निनाद' ठेवावे. अर्थ तोच आणि कोंबड्याची आठवणही येत नाही.

दिनकरकाका: जन्मनोंदणीत नाव नंतरही घालता येते, त्यामुळे घाई करू नये.

मुक्ता_पुणे: नोंदणीची अडचण नाही, आमंत्रणपत्रिका आज छापायला द्यायची आहे. नावाखाली 'मधुर नाद' असा अर्थ दिला तर चालेल का? सासूबाई तेवढ्यावर तयार आहेत.

व्याकरणी: 'नाद' एवढेच छापावे. 'मधुर' हा अर्थ या शब्दात नाही. तो 'कल' मध्ये आहे, म्हणून पक्ष्यांच्या गोड किलबिलाटाला 'कलरव' म्हणतात. 'आरव' गर्जनेलाही चालतो आणि आक्रोशालाही.