रेगेचा सगळा मान एकट्या बॉब मार्लीलाच का?

रेगे, म्हणजे जमैकाचं ते ठेक्याचं संगीत, म्हटलं की लोकांना टी-शर्टवरचा गायक बॉब मार्ली आठवतो आणि विषय संपतो. जमैकाचाच गायक टूट्स हिबर्टचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. ज्याच्या नावात 'रेगे' हा शब्द आला असं पहिलं गाणं म्हणून 'डू द रेगे' ओळखलं जातं. ते १९६८ साली टूट्सच्या 'मेटल्स' या त्रिकुटाने काढलं. सप्टेंबर २०२० मध्ये जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनला टूट्स गेला, तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. जमैकाबाहेर त्याला त्याच्या हक्काचं स्थान मिळालंच नाही, असं माझं ठाम मत आहे.

खर्जातला : सहमत नाही. बारसं केलं म्हणून कुणी आई होत नाही. रॉकस्टेडीचा, म्हणजे रेगेच्या आधीच्या जमैकन संगीताचा, ठेका तेव्हा किंग्स्टनच्या सगळ्याच स्टुडिओंमध्ये बदलत होता. मार्लीने ते संगीत जगापुढे नेलं. डिसेंबर १९७६ मध्ये त्याच्यावर घरात घुसून गोळ्या झाडल्या, तरी दोनच दिवसांनी तो मंचावर उभा राहून गायला. १९८० साली झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यातही तो गायला. हे वजन टूट्सकडे कुठे आहे?

धागाकर्ता : आवाजात आहे! लहानपणी चर्चमध्ये गाऊन तयार झालेला गळा तो. तुरुंगवासावरचं '५४-४६' एकदा हेडफोन लावून ऐका. मध्येच तो वाद्यांना एक ठोका मागतो, एकच पडतो. दोन मागतो, दोन पडतात. असं चारपर्यंत. कैद्याचा नंबर नाव झालेल्या गाण्यात हुकूम आता तो सोडतोय! अंगावर काटा येतो.

आणि वजनाचंच म्हणाल तर २०१३ साली अमेरिकेत कार्यक्रम चालू असताना एका पोराने फेकलेली बाटली त्याच्या डोक्यात बसली. पुढे तीनेक वर्षं दौरे बंद. तरी त्याने न्यायाधीशांना पत्र लिहिलं, की पोरगा तरुण आहे, तुरुंगात तरुण पोरांचं काय होतं ते मी ऐकून आहे, त्याला सांभाळून घ्या.

खर्जातला : पत्राचं माहीत नव्हतं. माणूस मोठाच. पण माणूस मोठा असणं वेगळं आणि एका देशाचं संगीत जगाच्या कानाकोपऱ्यात पोचवणं वेगळं. मी माझ्या मतावर कायम आहे.

तिसरी घंटा : दोघांनाही विचारते, त्रिकुटातले बाकीचे दोघं कुठे गेले? रॅले गॉर्डन आणि जेरी मथायस. पुढे नाव 'टूट्स अँड द मेटल्स' झालं आणि ते दोघं त्या 'अँड'च्या पलीकडे राहिले. मार्लीमुळे टूट्सवर अन्याय झाला म्हणताना निदान यांची नावं तरी घ्या.