बासचा टॅब बरोबर वाजवतोय तरी गाण्याशी जुळत नाही, काय चुकतंय?

खर्जातला_सांगलीकर
नमस्कार मंडळी, विश्रामबागेत राहतो, वय ३१, तीन महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडनं जुना चार तारांचा बास गिटार घेतला. क्लासला विचारलं तर म्हणाले आधी गिटार शिका मग बासचं बघू, म्हणून क्लासचा नाद सोडला आणि मोबाईलवर टॅब (चार तारांच्या चार रेघा आणि त्यांवर कितवा पडदा, म्हणजे फ्रेट, दाबायचा त्याचे आकडे) बघून रॉक गाणी बसवायला लागलो. पहिले पंधरा दिवस मी टॅब उलटाच वाजवत होतो, म्हणजे सगळ्यात वरची रेघ ती वरची जाड तार असं धरून (मान खाली घालून बघितलं की जाड तारच वर दिसते ना राव), बायको म्हणाली गाणं चाललंय का मोटर दुरुस्ती. मग कळलं की खालची रेघ म्हणजे जाड ई तार. आता आकडे बरोबर पडतात, एकटा वाजवतो तेव्हा झ्याक वाटतं, पण मूळ गाणं लावलं की सगळं बेसूर. गन्स अँड रोझेसची दोन गाणी बसवलीत, दोन्हीत तेच. शिवाय जाड तार तिसऱ्या पडद्यावर खर्र खर्र करते. टॅबवर शिकणंच चुकीचं आहे का बासच खराब मिळालाय?

पोवईनाका_४स्ट्रिंग
भावा बास खराब नाही, तू गाणीच तसली निवडलीस 😄 गन्स अँड रोझेसवाले वाद्यं अर्धा स्वर खाली लावतात, गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सच्या पण बऱ्याच रेकॉर्डवर तेच आहे. तू लावलायस नेहमीचा ई ए डी जी (जाड तारेकडनं बारीक तारेकडं चार तारांचे सूर), ते वाजवतात त्याच्या एक पडदा खाली, मग जुळणार कसं. टॅबच्या डोक्यावर बारीक अक्षरात ट्यूनिंग लिहिलेलं असतं, ते कोण वाचत नाही, मीपण वर्षभर वाचलं नव्हतं. चारही तारा अर्धा स्वर उतरव, ट्यूनर अ‍ॅपवर जाड तारेला ई फ्लॅट किंवा डी शार्प दिसेल, दोन्ही एकच. नुसतं बोटं एक पडदा मागं सरकवून भागत नाही, मोकळ्या तारेच्या मागं कुठं जाणार?

आणि ओळखायची सोपी खूण सांगतो, गाणं सुरू झाल्यापासनं संपेपर्यंत एकसारखं बेसूर वाटत असेल तर ट्यूनिंग. मधेच एखाद्या ठिकाणी खटकत असेल तर टॅब चुकलाय नाहीतर तू.

मिरजेचा_ठेका
मी तबलेवाला, बास नंतर धरला, त्यामुळं दुसऱ्या बाजूनं सांगतो. साधा टाईप केलेला टॅब बोट कुठं ठेवायचं ते सांगतो, कधी ते बऱ्याचदा सांगतच नाही. दोन आकड्यांतल्या रेघा मोजून लय काढायला गेलात की फसलात, लिहिणाऱ्यानं त्या अंदाजानंच घातलेल्या असतात. खाली मी आत्ताच जुळवलेला एक तुकडा देतो, कुठल्या गाण्यातला नाही:

जी|----------------|
डी|----------------|
ए |--------०-२-०---|
ई |०-०-३-०-------३-|
      १ न २ न ३ न ४ न

खालची ओळ टॅबमध्ये नसते, ती आपण लिहायची. बास बाजूला ठेवा, मांडीवर ताल द्या आणि "एक न दोन न" म्हणत नुसते आकडे तोंडानं म्हणा, आपण बोल म्हणतो तसेच. तोंडात बसल्याशिवाय हातात येत नाही. मग यूट्यूबवर गाणं ०.७५ स्पीडला लावा, सूर बदलत नाही फक्त संथ होतं, आणि ड्रमच्या किकवर (पायानं वाजवतात तो मोठा ड्रम) कान ठेवा, रॉकमध्ये बासवाला बऱ्याचदा तिलाच धरून चालतो. पण हे हेडफोन घालून करा. बासची मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, मोबाईलच्या स्पीकरला तो मूळ सूर झेपतच नाही, मग तुम्ही नक्की कशाशी जुळवताय?

खर्र खर्र बद्दल: बोट दोन पडद्यांच्या मधोमध ठेवत असाल. पुढच्या पडद्याला अगदी चिकटून मागं दाबा, ताकदपण कमी लागते. तरीही आवाज आला तर आमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या ओळखीच्या कारागिराला दाखवून बघा, इलेक्ट्रिकचं काम सगळे घेत नाहीत म्हणून आधी विचारा. जवारी (सतारीची घोडी घासून तारेला झणकार आणायचं काम) काढणाऱ्या माणसाला तुमची खरखर कुठनं येते ते लगेच ऐकू येईल. गंमत बघा, सतारीला जी झणकार मुद्दाम पैसे देऊन काढून घेतात ती बासला नको असते.

कानसेन
टॅब म्हणजे कुबडी. बंद करा आणि ऐकून काढा. आमच्या काळात कॅसेट मागंपुढं करून पेन्सिलीनं रीळ गुंडाळत गाणी काढली.

पोवईनाका_४स्ट्रिंग
काका तुमचा मान राखून सांगतो, तीन महिन्यांच्या माणसाला ऐकून काढ म्हणणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला आयर्विन पुलावरनं ढकलायचं. आणि टॅब काय नेटवाल्यांनी काढलेली शॉर्टकट नाही, युरोपात ल्यूट नावाच्या वाद्यासाठी पाचशे वर्षांपूर्वीपासनं टॅब लिहितात. त्यात इटलीवाले सगळ्यात वरची रेघ खर्जाच्या तारेला द्यायचे, म्हणजे आपला सांगलीकर पंधरा दिवस इटालियन पद्धतीनं वाजवत होता 😂

पण कानाचं एवढं खरं की नेटवरचे टॅब आपल्यासारख्याच कुणीतरी ऐकून टाईप केलेले असतात, चुका असतातच. एकाच गाण्याचे दोन टॅब उघड. एकात ई तारेचा पाचवा पडदा आणि दुसऱ्यात मोकळी ए दिसली तर घाबरू नको, सूर तोच आहे, हाताला जवळ पडेल ते घे.

खर्जातला_सांगलीकर
पोवईनाका दादा, पाया कुठं पडू ते सांग. काल रात्री चारही तारा उतरवल्या आणि पहिलं गाणं सुरवातीपासनं शेवटपर्यंत बरोबर बसलं, अंगावर काटा आला. दुसरं अजून मधे सुटतंय, ते ठेकेदादा म्हणतात तसं लयीचंच आहे, आज ऑफिसात टेबलावर "एक न दोन न" चाललेलं तर साहेब म्हणाले काय पाढे पाठ करताय काय. खरखर बोट सरकवल्यावर नव्वद टक्के गेली.

शेवटचं एक, टॅबमध्ये काही आकडे कंसात असतात ते काय? मी ते जोरात वाजवत होतो.

मिरजेचा_ठेका
उलटं हो. बहुतेक वेळा आधीचाच सूर धरून ठेवायचा, पुन्हा छेडायचा नाही. काही जण हळूच, अर्धवट वाजवायच्या सुरालापण कंस घालतात. टॅबच्या तळाला खुणांची यादी असते, तिथं बघा. आणि वाजवायची नसलेली तार डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी नुसती टेकून बंद ठेवा, दुसऱ्या गाण्यात सुटतंय म्हणता ते अर्धं तिथंच असेल.